शनिवारचा वॉक: बोर्टन ते अप्पर स्लॉटर

मंडळी, आठवण करून देतोय, शनिवारी सकाळी १०:३० ला बोर्टन-ऑन-द-वॉटरला, विंडरश नदीवरच्या बुटक्या दगडी पुलांपाशी जमायचंय. ट्रेनवाल्यांनी मोरटन-इन-मार्शला उतरून ८०१ नंबरची बस पकडा, वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा प्लीज. तिथून लोअर स्लॉटर, जुन्या गिरणीवरून पुढे अप्पर स्लॉटर आणि परत, जाऊन-येऊन चार-पाच मैल, चढ फार नाही.

नाव ऐकून घाबरू नका, कत्तलीशी काही संबंध नाही, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ चिखलाची जागा, आणि तो मागच्या वेळी माझ्या पांढऱ्या बुटांना नीट समजला, तेव्हा बूट जाडच घाला. अप्पर स्लॉटरमधून दोन्ही महायुद्धांना गेलेले सगळे जिवंत परतले, अशी गावं इंग्लंडात मोजकीच, तिथे जरा थांबूया.

पिवळ्या बाणांची पायवाट सोडू नका, आणि शेताची फाटकं शेवटच्याने लावायची, गेल्या खेपेला उघडं राहिलं न मेंढ्या आपल्यामागे निघाल्या.

डबा आपापला. चटणी सँडविच कोण आणतंय ते आजच सांगा!