सूचना: झूम करून पाहायचे फोटो शनिवारपर्यंत पाठवा

सर्व सभासदांसाठी,

मोठ्या फोटोंचे ऑनलाइन दालन रविवारी सकाळी खुले होईल. आपले फोटो शनिवारी रात्री ९ पर्यंत गटाच्या सामायिक ड्राइव्हवर, स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. एका सभासदाचे जास्तीत जास्त दोन फोटो. तारीख पुढे ढकलली जाणार नाही.

– मूळ फाइलच द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रत चालणार नाही. तिथे पिक्सेल कमी होतात आणि झूम केल्यावर नुसता धूसरपणा उरतो.
– जेपेग असेल तर क्वालिटी ९०, कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे हे सांगणारी फाइलमधली माहिती) एसआरजीबी. अॅडोबी आरजीबी हे दुसरे प्रोफाइल तसेच ठेवले तर काही ब्राउझरमध्ये रंग फिके दिसतात.
– जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपेक्षा मोठी होऊच शकत नाही. त्याहून लांब पॅनोरामा टिफ या दुसऱ्या फाइल प्रकारात द्या.
– अनेक फोटो जोडून एक मोठा फोटो केला असेल तर त्याचे सांधे १०० टक्के झूमवर तपासा. दुहेरी कडा, तुटलेल्या तारा, अर्धवट माणसे तिथेच सापडतात. लहान आकारात सगळेच छान दिसते!
– फाइलमधली जीपीएसची (फोटो काढल्याच्या जागेची) माहिती काढून टाका. अनोळखी चेहरे, गाड्यांचे नंबर आणि घरांच्या खिडक्या झूम करून पाहा. ओळख पटत असेल तर तो भाग धूसर करा. हे कृपया टाळू नका.

झूमसाठी मोठ्या फोटोचे लहान चौकोनी तुकडे करावे लागतात. ते स्वतः पाडू नका. ३०,००० × २०,००० पिक्सेलच्या फोटोचे २५६ पिक्सेलचे नऊ हजारांहून जास्त तुकडे फक्त पूर्ण झूमच्या पातळीवर होतात. अपलोड करताना त्यातले चार-दोन गळले, की झूम केल्यावर तिथे रिकामे चौकोन दिसतात. तुकडे पाडायचे काम तांत्रिक गट करील.

– संयोजक