बर्नच्या स्थानकातील सात मिनिटे

पुणे,
18 जानेवारी 2026

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे दिवाळीतले पत्र टेबलावर समोर ठेवून आज, म्हणजे तब्बल तीन महिन्यांनी, उत्तर लिहायला बसलो आहे. या उशिराबद्दल मनापासून क्षमा माग­तो. मधे दोनदा फोन हातात घेतला होता. परंतु जे सांगायचे आहे ते सांगताना माझा आवाज स्थिर राहील याची खात्री वाटेना, म्हणून फोन ठेवून दिला. आम्हा सर्वांची प्रकृती बरी आहे. माझी साखर आटोक्यात आहे आणि नीलाच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित झाले.

मे महिन्यात आम्ही अक्काला घेऊन स्वित्झर्लंडला जात आहोत. जाणार तिथेच, निळ्या वहीत आखलेल्या मार्गाने. ती वही माझ्याकडेच आहे, तुझ्याकडे नाही, हे आता एकदाचे मान्य कर. रद्दीच्या दुकानातून आणलेले थॉमस कुकचे ते जुने युरोपचे टाइमटेबल मांडीवर घेऊन तू गाड्या वाचायचास, मी लिहून घ्यायचो आणि चहा घेऊन आलेली अक्का म्हणायची, ‘मलाही न्या रे.’ वहीच्या त्या पानावर तुझ्या अक्षरात ‘अक्का, खिडकी’ असे लिहिलेले आहे. अक्का आता शहात्तर वर्षांची आहे, उजव्या गुडघ्यामुळे काठी घेते, आणि तरीही येणार म्हणते.

तेव्हा तिला विमानात बसवण्याआधी एक तालीम करावी, असे नीलाने सुचवले. डिसेंबरात आम्ही तिघे हुबळीला गाडी बदलून होस्पेटला आणि तेथून हंपीला जाऊन आलो. त्या प्रवासाची आखणी मी अगदी तुझ्या पद्धतीने केली. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडत असे, ते 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आले आहे. म्हणून दिनदर्शिकेवर उलटे दिवस मोजून त्या सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसलो. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघांनाच मिळतो, तिसरा प्रवासी घातला की तो हातचा जातो, हे नियमांच्या बारीक अक्षरांतून शोधून काढले आणि अक्का व नीला यांचे तिकीट वेगळे, माझे वेगळे, असे काढले. तुला वर्गात ‘तळटीप’ म्हणायचे ते उगीच नव्हे. टाइमटेबलातल्या फुलीचा आणि चांदणीचा अर्थ आधी पाहायचा, मग गाडीची वेळ, ही सवय मला तुझ्यामुळेच लागली. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप मात्र तू अजून घेतले नसशील तर आजच घे. ते मोबाइलच्या टॉवरवरून गाडी कुठे आहे हे ओळखते, त्यामुळे रात्री रानात इंटरनेट गेले तरी पुढचे स्थानक किती दूर आहे ते कळते आणि उतरायच्या आधी अर्धा तास अक्काला उठवता येते.

हुबळीला दुसरी गाडी सुटायला दीड तास अवकाश होता. तिथला एक फलाट 1,507 मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब. त्या स्थानकात चालणे म्हणजे काय असते ते तुला सांगायला नको. चाकांची खुर्ची सहज मिळत होती. अक्का म्हणाली, ‘मी काय आजारी आहे का?’ आम्ही निघालो. काही अंतर गेल्यावर ती एका बाकावर बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि मला म्हणाली, ‘विनू, तू पुढे हो. सुधाकर गेला होता तसा.’

आता तुला कळले असेल की हे पत्र तुलाच का लिहितो आहे. नीलाला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही आणि मला तिला तो समजावून सांगता आला नाही. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून आपल्याला पंढरपूरची छोटी, अडीच फुटी रुळांची गाडी धरायची होती. अक्काच्या कडेवर दोन वर्षांचा मन्या होता. तू ‘कुणीतरी पुढे जायलाच हवे’ असे ओरडत गार्डाकडे धावलास आणि मी ‘तिला सोडून जायचे नाही’ म्हणून मागे राहिलो. गाडी मिळाली, परंतु पंढरपूर येईपर्यंत आपण दोघे एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतर आषाढी आली की तो वाद निघायचाच. मला इतकी वर्षे वाटत होते की अक्काला तेव्हा एकटे पडल्यासारखे झाले असेल. हुबळीच्या बाकावर ती ज्या स्वरात बोलली त्यात तक्रार मुळीच नव्हती. कुणीतरी पुढे गेले होते म्हणून गाडी मिळाली, एवढेच तिच्या लक्षात राहिलेले दिसते. तुझे बरोबर होते असे मी अजूनही म्हणत नाही, पण तिचे मत मी कधी विचारलेच नव्हते, हे मला लागले आहे.

मी पुढे गेलो नाही. आम्ही तिघेही बाकावर बसलो, मग उठलो, पुन्हा बसलो. एका गाडीच्या दारापासून दुसऱ्या गाडीच्या दारापर्यंत आम्हाला चोवीस मिनिटे लागली. मी घड्याळ लावले होते.

आणि बर्नला सात मिनिटे आहेत.

मुंबईहून थेट विमानाने झुरिकला उतरायचे. विमानतळाखालीच रेल्वेचे स्थानक आहे, तिथून बर्नपर्यंत एकच गाडी. बर्नला बदलून इंटरलाकेन, तिथे पुन्हा बदलून लाउटरब्रुनेन, आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने वर वेंगेनला, जिथे बाहेरच्या मोटारींना वाटच नाही. स्विस रेल्वेचे एसबीबीचे ॲप उघडले की हा सगळा मार्ग एका क्षणात समोर येतो, कोणत्या फलाटावर, फलाटाच्या कोणत्या भागात आपला डबा येईल, इथपर्यंत. त्याने बर्नला सात मिनिटे दाखवली आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. तिथल्या तरुण माणसाला सात मिनिटे पुष्कळ होतात, वेळापत्रक त्याच हिशेबाने बांधलेले आहे. पण त्या हिशेबात अक्काचा गुडघा नाही.

पंधरा दिवस मी हेच करतो आहे. एका संध्याकाळी संगणकाशी गप्पा मारणाऱ्या एका नव्या साधनाला सगळी हकिकत लिहून विचारले. त्याने इतका देखणा कार्यक्रम लिहून दिला की नीलाने तो छापून घ्यायला सांगितले. त्यातली बर्नहून निघणारी गाडी मात्र वेळापत्रकात शोधूनही सापडली नाही. कुठे काय विचारायचे राहून गेले आहे हे पाहण्यासाठी ते साधन उत्तम आहे, ‘वेंगेनच्या हॉटेलात लिफ्ट आहे का’ हा प्रश्न मला त्यानेच सुचवला. गाडीची वेळ मात्र जो गाडी चालवतो त्यालाच विचारावी. मार्क स्मिथ या इंग्रज रेल्वेवाल्या गृहस्थाने 2001 मध्ये सुरू केलेले ‘सीट सिक्स्टीवन’ हे संकेतस्थळ मी रोज रात्री वाचतो. तो माणूस तुझ्यासारखा आहे. कुठल्या बाजूच्या खिडकीतून तळे दिसेल, कोणते तिकीट आधी काढून काही फायदा नाही, हे सगळे तो शांतपणे सांगतो. आपले थॉमस कुकचे टाइमटेबल 1873 पासून निघत होते, ते कंपनीने 2013 मध्ये बंद केले, आणि मग तिथल्याच जुन्या माणसांनी ते दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू केले, हे तुला ठाऊक आहे का? मी आनंदाने ओरडलोच.

उपाय शेवटी एसबीबीच्याच ॲपमध्ये सापडला, आणि तोही एका आडबाजूला. गाडी बदलण्यासाठी कमीत कमी किती वेळ हवा, हे आपण स्वतः ठरवून देऊ शकतो. जर्मन रेल्वेच्या ॲपमध्येही ही सोय आहे. मी तिथे अर्धा तास घातला आणि सात मिनिटे नाहीशी झाली. त्याऐवजी नंतरची गाडी आली. तेव्हा उलगडले की 1982 पासून तिथे सगळ्या देशात गाड्या ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात, आणि या मार्गावर तर साधारण अर्ध्या तासाने दुसरी गाडी असते. आपण वही लिहिली ती 1981 मध्ये, म्हणजे नेमकी एक वर्ष आधी. म्हणून आपल्या आखणीत एवढी धावपळ होती! शिवाय स्विस ट्रॅव्हल पास कोणत्याही एका गाडीला बांधलेला नसतो. चुकली तर चुकली, फलाटावर बसून शेंगदाण्याचा लाडू खायचा. कुर्डुवाडीला ती गाडी गेली असती तर रात्र स्थानकावर काढावी लागली असती. तुझे धावणे मला या वयात, या हिशेबातून थोडे समजले.

आता मी आखणीची साधने याच एका कसोटीवर तपासतो. सर्वांत जलद काय ते सगळीच सांगतात. चुकले तर पुढे काय, हे सांगणारी थोडी. एसटीचेच पाहा. स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो काढून ठेवणे आणि निघण्याआधी आगाराच्या नियंत्रण कक्षाला फोन करणे, यापेक्षा चांगले साधन मला अजून मिळालेले नाही, कारण शेवटची गाडी कोणती हे तिथला माणूस न विचारता सांगतो. (अक्काला पंचाहत्तरीनंतर राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ती ते कार्ड पासपोर्टच्या पाकिटातच ठेवते.) नकाशांमध्ये मी दोन ठेवतो: गूगलचा, आधीच फोनमध्ये उतरवून घेतलेला, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालणारा ऑरगॅनिक मॅप्स, कारण त्यात पायवाटा आणि पायऱ्यासुद्धा दिसतात. तरी हंपीला नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारी आनेगुंदी प्रत्यक्षात तुंगभद्रेच्या पलीकडे होती, आणि होडी चालते की नाही हे पाण्यावर अवलंबून असते. ते आम्हाला नारळपाणीवाल्याने सांगितले.

खोल्यांच्या बाबतीत मी एक नवी युक्ती शिकलो आहे. हंपीजवळ एका ठिकाणी ‘तळमजला’ म्हणून घेतलेल्या खोलीला अकरा पायऱ्या निघाल्या. तेव्हापासून मी लोकांचे अभिप्राय वाचताना कौतुक वाचत नाही, सरळ ‘स्टेअर्स’ हा शब्द शोधतो. वेंगेनच्या तीन हॉटेलांपैकी दोन तेवढ्यानेच गळाली. तिसऱ्याला मी पत्र पाठवून दारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत ते विचारले आणि त्यांनी फोटो काढून पाठवले.

व्हिसाची माहिती मी फक्त दूतावासाच्या आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या संकेतस्थळावरूनच घेतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क जून 2024 पासून 90 युरो झाले आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. अक्काच्या वयाला विम्याचा हप्ता जड गेला, पण आधीपासून असलेल्या आजारांबद्दलची कलमे मी दोनदा वाचून, कंपनीकडून लेखी उत्तर घेऊनच तो काढला. युंगफ्राउयोख हे तिथले डोंगरमाथ्यावरचे रेल्वेस्थानक 3,454 मीटर उंचीवर आहे, तिथे अक्काला न्यायचे नाही, असे डॉक्टरांशी बोलून ठरले. नीला एकटी जाईल. डोंगरावरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र सकाळी पाहायचे, वर ढग नसेल तरच तिकीट घ्यायचे. मी अक्काबरोबर खाली थांबणार आहे, खिडकीजवळ.

तुझ्या आईंची सेवा तू एकट्याने करतो आहेस, म्हणून तुला ‘चल’ म्हणायचा धीर मला होत नाही. त्यांना माझा नमस्कार सांग. शालिनीवहिनींचा गृहोद्योग सुरू झाला का, आणि नातीची बारावी कशी चालली आहे, ते सविस्तर कळव. घराच्या गळतीसाठी मी एक माणूस सुचवला होता, त्याचे काय झाले?

आता माझे तुझ्याकडे एकच काम आहे. स्विस रेल्वेला आधी कळवले तर ज्यांना चालणे अवघड आहे त्यांना गाडी बदलताना मदतनीस मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. मला ही मदत बर्न आणि इंटरलाकेन अशा दोन्ही ठिकाणी सांगून ठेवायची आहे. पण अक्काला न विचारता ती सांगितली, तर फलाटावर खुर्ची पाहून तिचा चेहरा कसा होईल हे तुला आणि मलाच माहीत आहे. आणि विचारले तर ती नको म्हणेल. ती माझे ऐकत नाही, तुझे ऐकते. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ती एकटीच असते. तिला फोन कर, आणि कुणीतरी पुढे जायलाच हवे, हे तुझ्याच शब्दांत तिला सांग.

तुझाच,
विनायक

ता. क. इंटरलाकेनहून निघालेल्या गाडीचे वाटेत त्स्वायल्यूचिनेन येथे दोन भाग होतात. एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आपण कोणत्या डब्यात बसावे हे निळ्या वहीत तू समासात लिहून ठेवले आहेस, चांदणी काढून.