ठिणगीच्या फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

कुणी हौसेने विमशर्स्ट मशीन किंवा टेस्ला कॉइल (दोन्ही विजेच्या ठिणग्या पाडणारी यंत्रं) बनवतं, तिच्या ठिणग्यांचे फोटो काढायचे म्हणून कॅमेरा घ्यायला निघतं, आणि जो तो एकच सांगतो की शटर स्पीड (शटर किती कमी वेळ उघडं राहू शकतं) तगडा बघा, 1/8000 सेकंदवाला घ्या. लोकांचे पैसे फुकट जातात यात, म्हणून लिहितोय.

एक छोटी ठिणगी काही मायक्रोसेकंदात संपते. 1/8000 सेकंद म्हणजे 125 मायक्रोसेकंद, तोही तिच्यापुढे ढिलाच, आणि मुळात ती नेमकी कधी पडणार हेच माहीत नसताना बटण दाबून पकडणार कशी? त्यामुळे उलटं करायचं, खोलीत पूर्ण अंधार करून शटर पाच-दहा सेकंद उघडं ठेवायचं, त्या वेळात ठिणगी पडली की तिच्याच उजेडात तिचा फोटो येतो. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅलबॉटने 1851 मध्ये फिरत्या चाकावर पेपरचं पान लावून ठिणगीच्या उजेडात त्याचा फोटो काढला होता, तेव्हा कुठे होतं वेगवान शटर.

म्हणजे ठिणगी किती उजळ येणार हे अॅपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओवर (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ठरतं, शटरवर नाही. आयएसओ 100, एफ 8 पासून सुरुवात करा, मधला भाग पांढरा फटक आला तर एफ 11, एफ 16 असं भोक लहान करत जा.

मग कॅमेऱ्यात बघायचं काय, तर पूर्ण मॅन्युअल मोड, बल्ब मोड (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं), मॅन्युअल फोकस आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती), कारण कडेचा जांभळा रंग जेपेगमध्ये बऱ्याचदा उडून जातो. हे सगळं जुन्या सेकंडहँड डीएसएलआरमध्येही मिळतं, मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करता येतं का ते नक्की बघा, ते चालू असलं की दहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून दहा सेकंद अडकून बसतो आणि तेवढ्यात सगळ्यात भारी ठिणगी निघून जाते. फोकस अंधारात लागत नाही, ठिणगी जिथे पडते त्या धातूच्या दोन गोळ्यांमधल्या फटीवर टॉर्च मारायचा, लाइव्ह व्ह्यू झूम करून फोकस लावायचा आणि लेन्सच्या फोकस रिंगवर चिकटपट्टी मारून टाकायची. (व्हिडिओवर भरवसा नको, बऱ्याच सेन्सरमध्ये ओळीमागून ओळ वाचली जाते, त्यामुळे अर्धी ठिणगी एका फ्रेममध्ये आणि उरलेली पुढच्या.)

टेस्ला कॉइलजवळ कॅमेरा हँग होऊ शकतो, तो लांबच ठेवा, वाचलेल्या पैशात टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स घ्या. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर मशीन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, डिस्चार्ज केल्याशिवाय फोकससाठी हात पुढे नेऊ नका. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून ठिणग्या पाडायच्या भानगडीत तर पडूच नका, त्यात माणसं मेलीत.

कॅमेरा खरेदीचा लेख छापाल तेव्हा तक्त्यात बल्ब मोड आहे की नाही हा एक रकाना टाका, एवढी विनंती.

आपला एक वाचक