इंग्लंडच्या आठ सुट्ट्या आणि आमची भाऊबीज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की, इंग्लंडमध्ये वर्षाला जेमतेम आठ सार्वजनिक सुट्ट्या असतात म्हणून तो देश पुढे गेला, आणि आपण सणवार करत बसलो म्हणून मागे राहिलो. आकडा बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये आठ, स्कॉटलंडमध्ये नऊ, उत्तर आयर्लंडमध्ये दहा. पण मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली आहे, आणि एका आकड्यावरून ताळेबंद कळत नाही एवढं तिथे नक्की शिकले. माझी मुलगी मँचेस्टरजवळ बोल्टनला नर्स आहे. तिच्याकडे मी दोनदा राहून आले. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२३, आणि नंतर मार्च ते ऑगस्ट २०२४. दोन फेऱ्या मिळून त्यांचं जवळजवळ अख्खं वर्ष बघून झालं. म्हणून हे पत्र.

त्या आठ सुट्ट्या अशा : एक जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टरनंतरचा सोमवार, मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टचा शेवटचा सोमवार, ख्रिसमस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा बॉक्सिंग डे. म्हणजे चार सुट्ट्या कायम सोमवारीच येतात, शनिवार-रविवारला जोडून. आणि उरलेल्यांतली एखादी शनिवारी-रविवारी आली तर ती बुडत नाही. आपल्याकडे नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आधी काय बघतो आपण? कुठला सण रविवारी आला आणि कुठली सुट्टी 'गेली'. २०२२ साली ख्रिसमस रविवारी होता. सोमवारी बॉक्सिंग डेची सुट्टी होतीच, आणि ख्रिसमसच्या बदल्यातली सुट्टी मंगळवारी, २७ तारखेला. मुलीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती आधीपासून छापलेली होती. शिवाय आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला २८ दिवसांची भरपगारी रजा तिथे कायद्यानेच मिळते. मालक या आठ सुट्ट्या त्यात धरू शकतो, पण तरी हातात वीस दिवस उरतात. ते आपल्या सोयीने घ्यायचे. हे सगळं सोडून फक्त 'आठ' म्हणणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट, सुट्टी कमी म्हणजे सण कमी असंही नाही. त्यांचे कितीतरी सण बिनसुट्टीचे आहेत आणि ते कामावरून आल्यावर साजरे होतात. मी पोचून तीनच दिवस झाले होते, तर पाच नोव्हेंबर आला. १६०५ साली याच दिवशी पार्लमेंटच्या तळघरात दारूगोळ्याची पिंपं सापडली, गाय फॉक्स पकडला गेला, राजा पहिला जेम्स वाचला आणि लोकांनी आनंदाने शेकोट्या पेटवल्या. हा दिवस पाळावा असा कायदाच पार्लमेंटने केला होता, तो थेट १८५९ मध्ये रद्द झाला. कायदा गेला, शेकोटी राहिली. त्या थंडीत मैदानात मोठी होळी पेटलेली, लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसलेली, आणि एका टेबलावर कागदी कपांत वाफाळते काळे वाटाणे. मी वाकून बघितलं. आमच्या मालवणकडच्या काळ्या वाटाण्यांसारखेच, नुसते मऊ शिजवलेले, वर मीठ आणि भरपूर व्हिनेगर. ना खोबरं, ना गरम मसाला. तरी पहिला चमचा तोंडात गेला आणि माझ्या आईच्या चुलीवरचं उसळीचं भांडं डोळ्यांपुढे आलं. लँकशायरच्या या भागात शेकोटीच्या रात्री हे वाटाणे खायची जुनी रीत आहे, असं शेजारच्या आजींनी सांगितलं.

फेब्रुवारीत पॅनकेकचा मंगळवार. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, तो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घरातली अंडी, दूध, लोणी संपवून टाकायचं म्हणून ही धिरडी. श्रावण लागायच्या आत आपण आखाड तळतो ना, तसंच. आता उपास फार थोडे लोक करतात, पण धिरडी घरोघरी होतात, वर साखर आणि लिंबू पिळून. मार्चमध्ये त्याच उपासाच्या चौथ्या रविवारी आईचा दिवस. आणि ईस्टर तर आपल्या पंचांगासारखा चंद्राकडे बघून ठरतो : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी चौकात गुडघ्याखाली घुंगरू बांधून नाचणारी मंडळी पाहिली. पायांत लाकडी तळाचे बूट, पूर्वी तिथले गिरणी कामगार घालायचे तसले. घुंगरांचा तो एका ठेक्यातला आवाज ऐकून गणपतीतला आमचा बाल्या नाच आठवल्याशिवाय राहिला नाही.

गिरणीचा विषय निघाला म्हणून सांगते. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. यंत्रांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव असायचं असं ते सांगत. ओल्डहॅम बोल्टनहून फार लांब नाही. त्या गावावरून बस गेली तेव्हा मी खिडकीशी हात जोडले. शेजारच्या आजी, आता पंच्याऐंशीच्या, पंधराव्या वर्षी सूतगिरणीत लागल्या. त्यांनी मला 'वेक्स वीक' समजावून सांगितला. उन्हाळ्यात एकेका गावाच्या सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या. या आठवड्यात या गावाच्या, पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावाच्या. चिमण्यांचा धूर थांबायचा, लांबचे डोंगर दिसायला लागायचे, आणि अख्खं गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रावर. तिथेही तेच शेजारी, तेच साचेवाले. आजी म्हणाल्या ते मी मुलीकडून पुन्हा नीट समजून घेतलं : एकट्याला रजा मिळाली तर माणूस घरीच बसतो, सगळ्यांना मिळाली तर तो सण होतो. माझ्या वडिलांची गणपतीच्या रजेसाठी जॉबरपुढे, म्हणजे गिरणीतल्या मुकादमापुढे, होणारी धडपड मी लहानपणी पाहिली आहे. एका वर्षी रजा मिळाली नाही, तेव्हा गावच्या घरात गणपती बसला आणि ते इकडे चाळीच्या खोलीत रात्रपाळीला जायचा डबा भरत होते. आई त्या दिवशी काही बोलली नाही.

आता मुख्य मुद्दा. २५ डिसेंबरला तिथे काय असतं ते मी पाहिलं आहे. आगगाड्या बंद. बस जवळजवळ नाहीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि मोठी दुकानं बंद, ती मालकाच्या मर्जीने नव्हे तर कायद्याने. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ साली कायदा झाला की २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान ख्रिसमसच्या दिवशी उघडायचं नाही. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं असू शकतं, कुणाला दूध लागलं, औषध लागलं तर. मोठ्या दुकानाला मुभा नाही, कारण एकाने उघडलं की दुसऱ्याला उघडावंच लागतं आणि मग एकाही नोकराला घरी बसता येत नाही.

सगळेच घरी असतात असं नाही. माझी मुलगी त्या दिवशी सकाळी साडेसहाला ड्युटीवर गेली. तिच्या वॉर्डात केरळची एक ख्रिस्ती नर्स आहे. त्या दोघींचा ठराव आहे : लक्ष्मीपूजनाची ड्युटी ती करते, ख्रिसमसची माझी मुलगी. दिवाळीला तिथे सार्वजनिक सुट्टी नसतेच. दवाखाना बंद ठेवता येत नाही हे कुणालाही पटेल. पण कपड्यांचं दुकान?

त्या दुपारी शेजारच्या आजींनी मला जेवायला बोलावलं. टेबलावर बारा माणसं, डोक्यावर कागदी मुकुट. तीन वाजता सगळे टीव्हीपुढे, राजाचं भाषण ऐकायला. १९३२ साली पाचव्या जॉर्जने रेडिओवरून पहिल्यांदा असं भाषण केलं. २०२२ चं भाषण नव्या राजाचं पहिलंच होतं. आजींची नात एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काम करते. बॉक्सिंग डे हा खरं तर नोकरचाकरांना, टपालवाल्याला पेटीतून बक्षीस द्यायचा दिवस. आपण दिवाळीचं पोस्त देतो तसा. आता तो सेलचा दिवस झालाय. तिला पहाटे पाचला दुकानात हजर व्हायचं होतं. तरी त्या दिवशी ती दुपारभर आजीच्या शेजारी बसली होती, हातात हात घालून. 'एवढा एक दिवस तरी कुणी आमच्याकडून हिरावून घेऊ शकत नाही,' असं ती मला म्हणाली.

'बँक हॉलिडे' हे नाव ज्या कायद्यातून आलं तो १८७१ चा. तो करून घेणारे सर जॉन लबक स्वतः बँकर होते. त्या दिवशी येणारी हुंडी दुसऱ्या दिवशी भरली तरी चालेल, एवढ्या साध्या तरतुदीवर त्यांनी ती सुट्टी बसवली. बँका बंद म्हणजे व्यवहार बंद, म्हणजे हळूहळू बाकीचेही बंद. आपल्या बँकांत आजही 'एन. आय. ॲक्टची सुट्टी' म्हणतात, ती १८८१ च्या इंग्रजी अमदानीतल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमधली, म्हणजे हुंड्या-चेकांच्या कायद्यातली. महाराष्ट्र सरकार दरवर्षी सुट्ट्यांची यादी त्याच कायद्याच्या २५ व्या कलमाखाली काढतं. पण लबकसाहेब बँकांवर थांबले नाहीत. १८८६ साली दुकानांत राबणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचे तास आठवड्याला ७४ च्या वर जाऊ नयेत असा कायदा त्यांनी करून घेतला. ७४ तास हे तेव्हा कमी मानले गेले, यावरून दुकानातल्या पोरांचे काय हाल होते ते कळतं. ज्याला स्वतःला सुट्टी होती त्याने ज्याला नव्हती त्याच्यासाठी भांडण केलं, म्हणून मला हे गृहस्थ मोठे वाटतात.

माझी भाची ठाण्याच्या एका मॉलमध्ये बिलिंग काउंटरला आहे. गेली चार वर्षं भाऊबीजेला तिला सुट्टी नाही. दिवाळीत गर्दी असते, म्हणून त्या आठवड्यात कुणालाच रजा नाही असा तिथला नियम. तिचा भाऊ पुण्याहून सकाळीच येतो आणि दिवसभर माझ्या बहिणीच्या घरी बसून राहतो. गेल्या वर्षी मीही होते. ताट दुपारीच मांडून ठेवलं होतं, सुपारी, अक्षता, करंज्या, निरांजन. रात्री सव्वाअकराला ती आली. गळ्यात मॉलचं ओळखपत्र तसंच. 'मावशी, आधी ओवाळते गं, मग पाणी पिते,' म्हणाली. वात तेलात भिजून बसली होती, तीन काड्या ओढल्या तेव्हा पेटली. ओवाळताना तिचे पाय थरथरत होते. दहा तास उभं राहून आली होती. भावाला पहाटेची गाडी पकडायची होती. बहीणभावाच्या वाट्याला वर्षातली ती चाळीस मिनिटं आली.

२०१७ च्या आपल्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायची मुभा दिली. त्याच कायद्यात, ठरावीक संख्येहून जास्त माणसं कामाला असतील तिथे, प्रत्येकाला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. बघा, इथेही आठच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. बाकी चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या. हे 'मिळून' प्रत्यक्षात कसं होतं ते काउंटरवरच्या कुठल्याही मुलीला विचारा. तिच्यापुढे छापील यादी येते आणि ती सही करते.

माझी मागणी मोठी नाही. ख्रिसमसला तिथे मोठी दुकानं बंद असतात, तसं महाराष्ट्रात वर्षातला एक दिवस, भाऊबीजेचा, मॉल आणि मोठी दुकानं बंद राहू देत. वाण्याचं, औषधाचं, फुलांचं दुकान उघडं राहील, त्यावर कुणाचं अडत नाही. खरेदी धनत्रयोदशीपासून पाडव्यापर्यंत सगळ्यांची झालेली असते. एकट्या मॉलवाल्याला हे जमणार नाही हे मलाही कळतं. शेजारचा उघडा असताना हा बंद कसा ठेवणार? म्हणूनच नियम सरकारने करायचा असतो. कामगार विभागाने आणि व्यापारी संघटनांनी दिवाळीच्या आधी एकत्र बसावं. आणि आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरातलं कुणी असं काउंटरवर उभं असतं त्यांनी आपल्याकडे लिहावं, ही विनंती.

यंदा चार सुट्ट्यांची यादी पुढे आली तेव्हा भाचीने सही करायच्या आधी खाली पेनाने 'भाऊबीज' असं लिहून दिलं आहे. तिच्या काउंटरवरच्या आणखी सहा मुलींनीही लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)