सिनेमालाही खेळतं भांडवल लागतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मराठी चित्रपटांच्या अपयशावरचा लेख वाचला. ब्रिटनमध्ये चार पैशांत सिनेमे काढतात आणि ते जगभर चालतात, मग आपलेच निर्माते बजेटच्या नावानं गळा का काढतात, असा लेखाचा सूर होता. दाखला 'द फुल मॉन्टी'चा. मी 34 वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत, त्यातली बरीच ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या फायली चाळण्यात. अर्धाच ताळेबंद समोर आला की अजूनही हात शिवशिवतात, म्हणून हे पत्र.

आकडे खरे आहेत. शेफिल्डच्या बेकार पोलाद कामगारांची ती गोष्ट (1997) सुमारे 35 लाख डॉलरमध्ये झाली आणि जगभरातून 25 कोटी डॉलरच्या वर घेऊन आली. पण पैसा कुणाचा होता? फॉक्स सर्चलाइटचा, म्हणजे थेट अमेरिकी स्टुडिओच्या घरातला. पोर गरिबाघरचं असलं तरी मामा श्रीमंत होता.

'ट्रेनस्पॉटिंग'चंही (1996) तेच. निर्मितीला 15 लाख पौंड लागले, ते चॅनल फोर या तिथल्या टीव्ही वाहिनीनं दिले. वितरक पॉलिग्रामनं नुसत्या ब्रिटनमधल्या प्रसिद्धीवर साधारण साडेआठ लाख पौंड ओतले. म्हणजे सिनेमा काढायला जेवढे लागले त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम 'आला आहे' हे सांगण्यात गेली. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (1994) 30 लाख पौंडांच्या आत आणि 36 दिवसांत उरकला. लग्नातल्या वऱ्हाडी मंडळींना आपापले सूट घरून घालून यायला सांगितलं होतं. (आमच्या नौपाड्यात बोलावलं असतं तर पैठण्या नेसून फुकट गर्दी झाली असती.) पण तो आधी मार्चमध्ये अमेरिकेत लावला, तिथे पहिल्या क्रमांकावर नेला आणि तो डंका पिटत मे महिन्यात मायदेशी आणला. हे नियोजनही पैशाशिवाय होत नाही.

वागळे इस्टेटमध्ये मी हे पुन:पुन्हा पाहिलं. उद्योजक यंत्रासाठी कर्ज मागायचा, आम्ही ते द्यायचो. नारळ फुटायचा, पेढे यायचे. आठ महिन्यांनी शटर खाली. यंत्र उत्तम असायचं, पण कच्चा माल उचलायला आणि तयार माल गिऱ्हाइकापर्यंत न्यायला हातात दमडी नसायची. फायलीत भांडवली खर्चाचा रकाना भरलेला आणि खेळत्या भांडवलाचा रिकामा. आपण सिनेमाचं 'बजेट' म्हणतो तो नुसता पहिला रकाना; प्रसिद्धी-वितरणाचा पैसा हा दुसरा.

पहिलाच रकाना फुगवला की काय होतं, त्याचाही धडा ब्रिटनमध्येच आहे. गोल्डक्रेस्ट या तिथल्या चित्रपट कंपनीचा पैसा 'गांधी'त (1982) होता. सुमारे 2 कोटी 20 लाख डॉलरचा तो खर्च, त्यात आपल्या सरकारी चित्रपट महामंडळाचाही (एनएफडीसी) वाटा. दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो 20 वर्षं त्यामागे होते. आठ ऑस्कर मिळाले, त्यातलं एक वेशभूषेसाठी आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैयांचं. 1983 साली आमची अख्खी शाखा तो बघायला गेली होती आणि कस्तुरबांच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडींना पाहून आमचे हेडकॅशियर रडले होते, ते मला अजून आठवतं. त्याच गोल्डक्रेस्टनं पुढे एकाच वेळी तीन महागडे चित्रपट अंगावर घेतले. त्यातल्या 'रेव्होल्यूशन'वर (1985) 1 कोटी 90 लाख पौंड गेले आणि अमेरिकेत त्याला 4 लाख डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. कंपनी पार खिळखिळी झाली. ज्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धावर तो सिनेमा होता, त्याच देशानं पाठ फिरवली. एवढ्या कर्जावर मी तरी सही केली नसती.

आपल्याकडे सगळे 'सैराट'कडे (2016) बोट दाखवतात. सुमारे 4 कोटींत झाला, शंभर कोटींच्या पार गेला. मान्य. पण पाठीशी झी होतं, त्यांची स्वतःची वाहिनी दिवसरात्र गाणी वाजवत होती.

आता माझा अनुभव. गेल्या महिन्यात एका मराठी सिनेमाबद्दल चांगलं ऐकलं, म्हणून सौ.ला घेऊन घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका मॉलमध्ये गेलो. अख्ख्या ठाण्यात तेवढा एकच शो होता, मंगळवारी सकाळी 11.15चा. प्रेक्षक चार : आम्ही दोघं आणि कॉलेजला दांडी मारलेली एक जोडी, जी सिनेमा बघायला आली नव्हती. शुक्रवारी शेजारणीला पाठवावं म्हटलं, तर सिनेमा उतरला होता. उद्या कुणीतरी लिहील, 'बजेट कमी होतं, म्हणून पडला.'

याबाबतीतही ब्रिटिश आपल्या आधी ठेचकाळले आहेत. 1927 साली त्यांनी कायदा करून थिएटरांना देशी चित्रपटांचा कोटा लावला. झालं काय, तर कोटा भरण्यापुरते फिल्मच्या फुटावर मोजून स्वस्तातले सिनेमे निघू लागले, 'कोटा क्विकीज'. काही थिएटरांत ते सकाळी झाडलोट चालू असताना दाखवून मोकळे व्हायचे, असं सांगतात. आपल्याकडे 2015 मध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याची सक्ती आली आणि लगोलग दुपारी 12 ते रात्री 9 हा सगळाच प्राइम टाइम ठरला. सौ. म्हणते, मग आमची वामकुक्षीसुद्धा प्राइम टाइममध्येच!

ब्रिटननं 2024 मध्ये दीड कोटी पौंडांपर्यंतच्या स्वतंत्र चित्रपटांना पात्र खर्चावर 53 टक्के करसवलत आणली. त्यावर 2025 मध्ये त्यांच्या संसदेच्या संस्कृतीविषयक समितीनं शिफारस केली की अशा चित्रपटांच्या प्रसिद्धी-वितरणाच्या खर्चावरही 25 टक्के सवलत द्या. म्हणजे दुसरा रकाना रिकामा असल्याचं तिथल्या खासदारांच्या ध्यानात आलं. आपल्या सरकारचं अनुदान मात्र सिनेमा तयार होण्याशीच थांबतं. त्यातला काही भाग प्रदर्शनाच्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

आणि एक मागणी खुद्द आपल्याकडे. शुक्रवारच्या पानावर आपण चित्रपटाचं बजेट आणि पहिल्या तीन दिवसांची कमाई छापता. त्याच्याच शेजारी, ठाणे-नवी मुंबईत शो किती आणि कोणत्या वेळेचे, एवढी एक ओळ छापता येईल का?

आपला,
एक निवृत्त कर्ज-अधिकारी
नौपाडा, ठाणे (प.)