माळ्यावरचा श्रोता: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हेरपटांत माणूस फक्त वेश बदलतो, मन कधीच बदलत नाही, असे तू मागच्या पत्रात लिहिले होतेस. बहुतेक हेरपटांना तुझे म्हणणे लागू पडते. पण एक चित्रपट असा आहे की ज्याच्यापुढे ते टिकत नाही, आणि त्याच्याविषयी तुला सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात आहे. तो म्हणजे २००६ साली आलेला जर्मन चित्रपट 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स'. फ्लोरियान हेन्केल फॉन डोनर्समार्क या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. २००७ साली त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. कथा १९८४ साली पूर्व बर्लिनमध्ये सुरू होते. तिच्यात पाठलाग नाहीत, गोळीबार नाही. एक माणूस माळ्यावर कानांना हेडफोन लावून बसतो आणि खालच्या घरातील दोघांचे आयुष्य ऐकतो. एवढ्यावरच दोन तासांहून अधिक काळ ताण टिकून राहतो. पुढे मी कथा शेवटपर्यंत सांगणार आहे, कारण या चित्रपटाचे मर्म काय घडते यापेक्षा ते कसे घडते यात आहे.

गेर्ड वीझलर हा साम्यवादी पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, म्हणजे श्टाझीचा, कॅप्टन. सुरुवातीलाच तो एका कैद्याची चौकशी करतो आणि त्या चौकशीचे ध्वनिमुद्रण वर्गात ऐकवून नव्या उमेदवारांना धडे देतो. त्याचा सिद्धान्त असा, की निरपराध माणूस तासन्‌तास डांबून ठेवल्यावर अन्यायाने चिडतो, तर गुन्हेगार हळूहळू गप्प होतो किंवा रडू लागतो. आणि खोटे बोलणारा आपली पाठ केलेली वाक्ये शब्दशः पुन्हा म्हणतो. हे अमानुष नाही का, असे एक विद्यार्थी विचारतो. वीझलर उत्तर देतो आणि समोरच्या कागदावर त्या मुलाच्या नावापाशी शांतपणे फुली मारतो. पूर्वग्रहाचे इतके नेमके चित्रण मी क्वचितच पाहिले आहे. इथे द्वेष नाही, आरडाओरडा नाही. थकवा, भीती, संताप, अश्रू या साऱ्यांचा अर्थ आधीच ठरवून ठेवलेली एक पद्धत आहे, आणि ती वापरणारा माणूस स्वतःला मनापासून प्रामाणिक समजतो. वीझलर लाचखाऊ नाही, क्रूरतेत त्याला आनंद वाटत नाही. त्याचा या राज्यव्यवस्थेवर खरोखर विश्वास आहे, आणि मला वाटते की पुढे त्याच्यात बदल होऊ शकतो तो नेमका याच कारणाने.

अशी माणसे त्या काळी किती होती, याचाही अंदाज असावा. १९८९ साली श्टाझीकडे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते आणि त्यांखेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. देशाची लोकसंख्या होती जेमतेम १ कोटी ६० लाख.

नाटककार गेओर्ग ड्रायमन राज्यकर्त्यांच्या मर्जीतला. वीझलर त्याला नाट्यगृहात दुर्बिणीतून पाहतो आणि केवळ त्याच्या रुबाबावरून हा माणूस उद्धट आहे, याच्यावर पाळत हवी, असा निष्कर्ष काढतो. परवानगीही लगेच मिळते. मात्र ती मिळण्यामागचे खरे कारण त्याला नंतर कळते: मंत्री हेम्फ याला ड्रायमनची प्रेयसी, अभिनेत्री क्रिस्टा-मारिया, हवी आहे आणि त्यासाठी ड्रायमन वाटेतून दूर व्हायला हवा आहे. ज्या तत्त्वासाठी आपण आयुष्य वेचले, ते एका मंत्र्याच्या वासनेच्या कामी येत आहे, हा वीझलरला बसलेला पहिला धक्का होय. पण नुसत्या धक्क्याने माणूस बदलत नाही. त्याने फार तर कडवटपणा येतो. त्याचा वरिष्ठ आणि जुना सहाध्यायी ग्रूबिट्झ याला हे सगळे ठाऊक आहे आणि तो त्यातून आपली बढती कशी साधेल याचा हिशेब मांडतो.

वीझलरच्या बाबतीत वेगळे घडते, कारण त्याला ऐकत बसावे लागते. दिवसामागून दिवस तो ड्रायमनच्या घरातले वाद, थट्टा, वाढदिवसाची मेजवानी, मध्यरात्रीचे रडणे ऐकतो आणि मग आपल्या रिकाम्या, नीटनेटक्या सदनिकेत परत जाऊन एकटा जेवतो. पैसे देऊन बोलावलेल्या बाईला तो आणखी थोडा वेळ थांबायला सांगतो, तर पुढच्या वेळी जास्त वेळेची नोंद कर, असे सांगून ती निघून जाते. एकदा तो ड्रायमनच्या घरातून जर्मन कवी-नाटककार ब्रेख्तच्या कवितांचे पुस्तक उचलून आणतो आणि सोफ्यावर पडून वाचतो. पुढे येर्स्का या दिग्दर्शकाने, ज्याच्यावर सरकारने वर्षानुवर्षे कामाची बंदी घातली होती, आत्महत्या केल्याची बातमी येते, आणि त्यानेच भेट दिलेली संगीतरचना ड्रायमन पियानोवर वाजवतो. वर माळ्यावर वीझलरच्या गालावरून अश्रू ओघळतो. बहुतेक समीक्षक या प्रसंगालाच चित्रपटाचा कळस मानतात.

मला मात्र त्यानंतरचा लिफ्टमधला छोटासा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. चेंडू घेतलेला एक लहान मुलगा वीझलरसोबत लिफ्टमध्ये शिरतो आणि विचारतो, तुम्ही खरंच श्टाझीत आहात का? ते लोक वाईट असतात, माणसांना तुरुंगात टाकतात, असे आपले बाबा म्हणतात, असेही तो सांगून टाकतो. वीझलर सवयीने विचारू लागतो, "काय नाव तुझ्या..." आणि थांबतो. क्षणभर गेल्यावर "चेंडूचं?" असे म्हणून वाक्य कसेबसे पुरे करतो. संगीत ऐकून डोळ्यांत पाणी आणणे सोपे आहे. अत्यंत कठोर माणसांनाही ते जमते, आणि त्यानंतर ती आपल्या कामाला लागतात. इथे मात्र तोंडातून अर्धा बाहेर पडलेला प्रश्न परत घेतला जातो, आणि एक बाप तुरुंगातून वाचतो. त्या क्षणी वीझलर काही मोठे ठरवत नाही. वीस वर्षांच्या सवयीचा हात त्याला अचानक जाणवतो, इतकेच.

शिवाय दिग्दर्शक या बदलाला स्वस्तात सोडत नाही. ड्रायमनचे मित्र घरात ध्वनियंत्रे बसवली आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एक बनाव रचतात: अमुक मोटारीतून एका माणसाला लपवून सीमेपलीकडे नेणार, असे ते मुद्दाम मोठ्याने बोलतात. वीझलर सीमेवरच्या चौकीला फोन लावतो, आणि या एकाच वेळेपुरते, असे मनाशी म्हणत काही न सांगता ठेवून देतो. गाडी बिनबोभाट पलीकडे जाते, घर सुरक्षित आहे असे मित्रांना वाटते, आणि ते त्याच घरात पूर्व जर्मनीतील आत्महत्यांविषयीचा, पश्चिमेतल्या 'डेर श्पीगेल' साप्ताहिकासाठीचा निनावी लेख निर्धास्तपणे तयार करू लागतात. वीझलरच्या दयेमुळेच ते अधिक खोल संकटात जातात. त्यांना वाचवण्यासाठी त्याला मग खोटे अहवाल रचावे लागतात; खाली लेखाची जुळणी चालू असताना तो कागदावर लेनिनवरच्या एका नाटकाची तयारी चालल्याचे लिहितो. ज्या कौशल्याने आजवर माणसे उद्ध्वस्त केली, तेच कौशल्य तो आता उलट दिशेने वापरतो. आणि तरीही क्रिस्टा-मारिया वाचत नाही. ज्याच्यावर तो लेख टंकला गेला, त्या घरात लपवलेल्या टंकलेखन यंत्राचा ठावठिकाणा श्टाझीच्या चौकशीत तिच्याकडून काढून घेणारा वीझलरच असतो. झडतीआधी ते यंत्र गुपचूप हलवणाराही तोच. हे तिला माहीत नसते. आपल्या हातून विश्वासघात झाला या जाणिवेने ती रस्त्यावर धाव घेते आणि गाडीखाली सापडते.

या चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तुला सांगायलाच हवा. बर्लिनमधल्या होहेनश्योनहाउझेन इथल्या श्टाझीच्या जुन्या तुरुंगात आज स्मारक आहे. त्याचे तत्कालीन संचालक हुबर्टस क्नाबे यांनी तिथे चित्रीकरणाला परवानगी नाकारली. आपल्या सावजाला असे वाचवणारा एकही श्टाझी अधिकारी इतिहासाला ठाऊक नाही, आणि अशा अधिकाऱ्याला नायक करणे हा पीडितांवर अन्याय आहे, हे त्यांचे म्हणणे. ज्यांनी त्या कोठड्यांत रात्री काढल्या त्यांच्या बाजूने पाहिले तर या आक्षेपाला उत्तर नाही, आणि ते शोधायचा प्रयत्नही मी करणार नाही. इतिहास म्हणून वीझलर खोटा आहे. परंतु चित्रपट श्टाझीला निर्दोष ठरवतो, हे मला पटत नाही. त्यातला ग्रूबिट्झ बदलत नाही, हेम्फ तर बर्लिनची भिंत पडल्यावरही तसाच मग्रूर राहतो. असा एक माणूस असू शकला असता, तरी बाकीचे तसे का झाले नाहीत, हा प्रश्न उलट अधिक बोचरा होतो.

वीझलरचे काम करणारा उलरिख म्यूहे स्वतः पूर्व जर्मनीतलाच नट. ४ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनच्या आलेक्झांडरप्लात्झ चौकात झालेल्या प्रचंड निदर्शनात तो व्यासपीठावर होता. संपूर्ण चित्रपटात तो चेहरा जवळजवळ हलवत नाही. खांदे, मान आणि ऐकतानाचे डोळे एवढ्यावर तो हा सारा बदल पेलतो. ऑस्करनंतर काही महिन्यांतच, जुलै २००७ मध्ये, तो कर्करोगाने गेला याचे मला आजही वाईट वाटते.

वीझलरला पुरस्कार मिळत नाही. तळघरात लोकांची पत्रे वाफेवर उघडण्याचे काम त्याच्या वाट्याला येते, आणि भिंत उघडल्याची बातमीही तो तिथेच ऐकतो. पुढे १९९२ पासून नागरिकांना आपापल्या फायली पाहता येऊ लागल्या. ड्रायमनही आपली फाइल वाचतो, तेव्हा शेवटच्या अहवालावर त्याला लाल शाईचा अंगठा उमटलेला दिसतो. टंकलेखन यंत्राची फीत लाल होती. आपल्याला कोणी वाचवले हे त्याला उमगते. तो वीझलरला शोधून काढतो, गाडीतून उतरतो, पत्रके वाटत चाललेल्या त्या माणसाकडे दुरून पाहतो आणि न बोलताच परततो. नंतर तो लिहितो ती कादंबरी वीझलरच्या श्टाझीतल्या सांकेतिक क्रमांकाला अर्पण केलेली असते.

ड्रायमन बोलला का नाही, यावर मला तुझे मत हवे आहे. समोर जाऊन आभार मानले असते, तर वीझलरला पुन्हा एकदा उपकार करणारा आणि स्वतःला उपकृत अशा जागी उभे करावे लागले असते, म्हणून त्याने ते टाळले, असे मला वाटते. पण ज्याने आपल्या शेजघरातलेही सारे ऐकले, त्याच्याकडे पाहताना ड्रायमनच्या मनातही काहीतरी अडले असेल, ही शक्यता मला अजून मोडून काढता आलेली नाही. तू चित्रपट पाहिलास की तेवढा प्रसंग दोनदा पाहा आणि मला कळव.

तुझा स्नेही