कपाटामागचं चित्र

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात भलतंच लिहिलं गेलं असतं, म्हणून थांबले. तुझं चित्र प्रदर्शनात घेतलं नाही याचं वाईट वाटलंच, पण परीक्षकांनी दिलेलं कारण जास्त लागलं. ‘हे फार खासगी आहे, यात समाज कुठे दिसतो?’ आणि तू लगेच त्यावर वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवायला निघालीस! चिमणे, हात जोडते, तेवढं करू नकोस.

परवा कामासाठी दिल्लीला गेले होते. दुपार मोकळी मिळाली तशी जयपूर हाउस गाठलं, आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. तिथे चित्रकार अमृता शेरगिलचं ‘तीन मुली’ हे चित्र समोर आलं आणि तुझीच आठवण झाली.

तिघी शेजारी शेजारी बसल्यात. कुणी कुणाकडे बघत नाही, आपल्याकडे तर नाहीच. कपड्यांचे रंग लग्नघरात शोभावेत असे, पण त्यातलं काहीच चेहऱ्यांवर उतरलेलं नाही. मागे दार नाही, खिडकी नाही. मी बराच वेळ त्यांचे हातच बघत राहिले. एरवी दिवसभर कामाला जुंपलेले हात असे रिकामे पडले, की वाटतं, आत कुणीतरी यांच्याबद्दल काहीतरी ठरवतंय आणि या बाहेर थांबल्यात. आमच्या थोरल्या आत्याचा लग्न ठरलं तेव्हाचा फोटो आहे ना, तेच हात गं.

१९३५ सालचं चित्र. अमृता तेव्हा २२ वर्षांची, तुझ्याहून चार वर्षांनी लहान. पॅरिसहून परतून जेमतेम वर्ष झालेलं. तिथे १९३३ मध्ये तिला ज्या चित्रासाठी सालोंचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनाचं, सुवर्णपदक मिळालं, त्यातली एक मुलगी कोण? तिची धाकटी बहीण इंदिरा. घरातलीच. ‘तीन मुली’ या चित्रालाही पुढे १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. मग ती अजिंठा बघून दक्षिणेत फिरली, त्यातून आलेल्या चित्रांत एक नवरी आहे, केस विंचरून घेणारी. त्यात मोर्चा नाही, घोषणा नाही. पण त्या काळी बाईच्या वाट्याला काय येत होतं, ते मला तिथे जेवढं कळतं तेवढं भाषणांतून कळत नाही.

आता तुझं चित्र. पाठमोरी आई, कमरेवर एक हात, आणि ब्लाउजच्या तुटलेल्या हुकाच्या जागी सेफ्टीपिन. ती पिन तू रात्री दीड वाजता रंगवत होतीस आणि मी डोक्यावर उशी दाबून पडले होते. सकाळी उठून बघितलं आणि माझ्या घशात आवंढा आला. आमच्याकडे दिवाळीला सगळ्यांना नवे कपडे यायचे, आईचं ‘मला काय करायचंय’ ठरलेलं. तिच्या पाठीवरही अशीच पिन असायची, आणि मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. तुझ्या आईची पाठ बघून मला माझी आई दिसली. याहून वेगळा कुठला समाज त्यांना हवा होता?

एक मात्र खरं सांगते, तुला आवडो न आवडो. डाव्या कोपऱ्यातली खिडकी मला तेव्हाही खटकली होती. तिथून येणारा उजेड सगळी नजर ओढून घेतो आणि पिन मागे पडते. ती खिडकी बुजव. आईच्या मागे नुसती भिंत राहू दे, धुरकट पिवळी, आहे तशी.

अमृता १९४१ च्या डिसेंबरात लाहोरमध्ये वारली, २८ व्या वर्षी, प्रदर्शन तोंडावर आलेलं असताना. तिचं शेवटचं चित्र अर्धंच राहिलं. गच्चीवरून दिसणारा परिसर आणि म्हशी! इतकं जग बघून आलेली ती, शेवटी आपल्या गच्चीवरून दिसतं तेच रंगवत होती.

तू लिहिलंयस, चित्र कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. आज ते बाहेर काढ. पावसाची ओल आहे, कॅनव्हासला बुरशी धरेल. येत्या शनिवारी मी येतेच आहे. तुझा ८ नंबरचा ब्रश माझ्या सामानात आलाय, तोही आणते. पांढरा रंग संपला असेल तर कळव.

तुझीच,
रूममेट